संगमेश्वरच्या घरातले सहा कॅमेरे आणि रेकॉर्डरसाठी योग्य संगणक

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचं वाचणाऱ्यांना संदर्भ लागेल. संगमेश्वरजवळच्या गावी आई-बाबा दोघंच राहतात, प्रश्न विचारणारा मुलगा ठाण्याला. घराभोवती, गोठ्यापाशी आणि फाटकावर मिळून सहा आयपी कॅमेरे आहेत, प्रत्येकी चार मेगापिक्सेलचे. आतापर्यंत कॅमेऱ्यातल्या मेमरी कार्डांवर भागलं. आता पंधरा दिवसांचं रेकॉर्डिंग एका जागी हवं आहे आणि माणूस दिसला तरच मोबाईलवर सूचना यायला हवी, फांदी हलली किंवा कुत्रं फिरलं म्हणून नको. घरात इंटेलचा दुसऱ्या पिढीचा आय३ प्रोसेसर असलेला जुना डेस्कटॉप पडून आहे. दुकानदार म्हणतो, तो भंगारात द्या, आय५ १०४००एफ आणि वर ग्राफिक्स कार्ड घ्या. मित्र म्हणतो, रास्पबेरी पाय नावाच्या तळहाताएवढ्या संगणकावर सगळं होतं.

मी रत्नागिरी जिल्ह्यात चौदा वर्षं हेच काम करतो. माझा सल्ला असा की यातलं काहीच घेऊ नका. एखाद्या ऑफिसातून निघालेला आठव्या पिढीचा आय५ असलेला ब्रँडेड डेस्कटॉप घ्या, एसएफएफ म्हणतात त्या बुटक्या पेटीचा, आणि त्यात ४ टीबीची सर्व्हेलन्स, म्हणजे अखंड रेकॉर्डिंगसाठी बनवलेली, हार्ड डिस्क बसवा. का, ते आता सविस्तर सांगतो, कारण तुमच्या गावाला नेमकं हेच मॉडेल मिळेल असं नाही, आणि कारण माहीत असेल तर दुसरं यंत्रही तुम्हाला पारखता येईल.

रेकॉर्डर म्हणून ठेवलेला संगणक तीन कामं करतो. कॅमेऱ्याकडून आलेलं चित्रण डिस्कवर लिहितो, ते उलगडतो, म्हणजे दाबून आलेल्या चित्रणातून पुन्हा पूर्ण चित्र काढतो, आणि उलगडलेल्या चित्रात माणूस आहे का ते बघतो. लोक या तिन्हींची मोट बांधतात आणि मग भलतंच महाग यंत्र घेतात.

लिहिण्याचं काम अगदी हलकं आहे. कॅमेरा चित्रण आधीच दाबून, एच.२६५ किंवा एच.२६४ या पद्धतीत पाठवतो. ते जसंच्या तसं फाईलमध्ये ठेवायचं, बस्स. चार मेगापिक्सेलचा कॅमेरा एच.२६५ वर साधारण ३ एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला ३ मेगाबिट, धरा. सहांचे झाले १८ एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला सव्वादोन मेगाबाइट. साधी हार्ड डिस्क सेकंदाला शंभर मेगाबाइटच्या पुढे लिहिते. इतकंच करायचं असेल तर तुमचा जुना आय३ सुद्धा झोपेत करेल.

जड काम आहे ते उलगडण्याचं. चार मेगापिक्सेलचं एक चित्र म्हणजे २५६० गुणिले १४४० ठिपके. सेकंदाला १५ चित्रं आणि सहा कॅमेरे धरले तर दर सेकंदाला ३३ कोटींहून जास्त ठिपके उलगडायचे होतात. हे प्रोसेसरच्या गळ्यात घातलं की पंखा भोंग्यासारखा वाजायला लागतो, आणि मे महिन्यात कौलांखालच्या खोलीत ते यंत्र किती दिवस टिकेल हे वेगळं सांगायला नको. म्हणून दोन गोष्टी करायच्या. पहिली फुकटची आहे. प्रत्येक बऱ्यापैकी आयपी कॅमेरा एकाच वेळी दोन प्रवाह देतो, मेन स्ट्रीम आणि सब स्ट्रीम. रेकॉर्डिंगला मेन लावा, माणूस ओळखायला सब लावा. सब स्ट्रीम ६४० गुणिले ४८० वर आणि सेकंदाला ५ चित्रांवर ठेवली तर सहा कॅमेऱ्यांचे मिळून ९२ लाख ठिपके होतात. ३३ कोटींच्या जागी ९२ लाख, म्हणजे काम सरळ छत्तीस पटींनी घटलं. माणूस चालत जातोय हे कळायला एवढं चित्र पुरतं. फाटकाचा कॅमेरा फार लांबचं बघत असेल तर त्या एकाची सब स्ट्रीम थोडी मोठी ठेवा.

माझ्याकडे 'संगणक कमी पडतोय' म्हणून येणाऱ्या दहा तक्रारींपैकी सहा-सात तरी एवढ्यानेच मिटतात. नवा संगणक घेण्याआधी कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन हे बघा. तिथेच 'स्मार्ट कोडेक' किंवा एच.२६५ च्या पुढे अधिकचं चिन्ह असलेला पर्याय दिसेल, तो बंद करा. जागा वाचवण्यासाठी तो चित्रणाच्या रचनेत फेरफार करतो आणि बाहेरच्या सॉफ्टवेअरला ते पचत नाही. रेकॉर्डिंग मध्येच तुटतं, आणि आपण बिचाऱ्या केबलला दोष देत बसतो.

दुसरी गोष्ट म्हणजे प्रोसेसरच्या आतला ग्राफिक्सचा भाग. इंटेलच्या बहुतेक प्रोसेसरांत चित्रण उलगडण्यासाठी खास वेगळी यंत्रणा असते, तिला क्विक सिंक म्हणतात. ती २०११ मध्ये दुसऱ्या पिढीबरोबर आली. तुमच्या आय३ मध्येही ती आहे, पण तिला एच.२६४ च कळतं. एच.२६५ सहाव्या पिढीपासून कळायला लागलं, आणि त्याचा दहा बिटांचा प्रकार सातव्यापासून. इंटेलचं ओपनव्हिनो नावाचं साधन वापरून माणूस ओळखण्याचं काम याच ग्राफिक्सवर टाकता येतं, तेही सहाव्या पिढीपासून पुढेच. म्हणून माझी रेघ सहाव्या पिढीवर आहे. त्याखालचं यंत्र फुकट मिळालं तरी या कामाला घेऊ नका. गिगाहर्ट्झ किती, कोअर किती, हे त्यानंतर विचारा.

आता दुकानदाराच्या सल्ल्याकडे येतो. १०४००एफ मधलं ते शेवटचं 'एफ' अक्षर नीट बघा. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी एफ असतं, त्यात आतलं ग्राफिक्स नसतं. म्हणजे आपल्याला जे हवं तेच काढून टाकलेलं, आणि ती उणीव भरायला वर ग्राफिक्स कार्ड. ते गेम खेळणाऱ्या पोराला ठीक आहे. आपलं यंत्र वर्षाचे ३६५ दिवस चोवीस तास चालू राहणार. माझ्या प्लगला लावायच्या मीटरवर असा कार्डवाला डेस्कटॉप ७५ वॉटच्या आसपास खातो, आणि आठव्या पिढीचा बुटका आय५ डिस्कसकट २५. फरक ५० वॉटचा, म्हणजे महिन्याला ३६ युनिट. घरचा वापर शंभर युनिटच्या आसपास असेल तर हे ३६ युनिट तुम्हाला सरळ वरच्या दराच्या टप्प्यात ढकलतात. आणि वीज गेल्यावर इन्व्हर्टरवरचा बोजाही तेवढाच वाढतो.

रास्पबेरी पाय मला आवडतो, पण इथे नको. पाय ५ मध्ये एच.२६४ उलगडणारी यंत्रणाच काढून टाकलेली आहे, फक्त एच.२६५ ची ठेवली आहे. वर हार्ड डिस्क यूएसबीवरून, तिचा अडॅप्टर वेगळा, सगळ्या तारा लोंबकळत. आईने केरसुणी फिरवताना एक वायर हलली की रेकॉर्डिंग बंद.

एन१०० वाले छोटे मिनी पीसी हा मात्र खरा पर्याय आहे. इंटेलचा हा चार कोअरचा, ६ वॉटचा प्रोसेसर २०२३ मध्ये आला. सहा काय, आठ कॅमेरेही सब स्ट्रीमवर तो आरामात सांभाळतो. तरी मी तुम्हाला बुटका डेस्कटॉप सुचवला, त्याचं कारण डिस्क. मिनी पीसीत साडेतीन इंची डिस्क बसत नाही, आणि मोठ्या सर्व्हेलन्स डिस्क साडेतीन इंचीच येतात. अडीच इंचीतल्या मोठ्या डिस्क बहुधा एसएमआर पद्धतीच्या असतात, म्हणजे त्यातले पट्टे कौलांसारखे एकावर एक चढवलेले. एक बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. अखंड लिहिणं-पुसणं चालू असताना त्या धापा टाकतात. हाच धोका बुटक्याहून लहान, पुस्तकाएवढ्या 'मायक्रो' किंवा 'टायनी' पेट्यांतही आहे, त्यांतही अडीच इंचीच जाते. खरेदीच्या वेळी पेटी उघडून साडेतीन इंचाचा कप्पा डोळ्यांनी बघा.

डिस्कचा हिशोब कागदावर करा, अंदाजाने नको. ३ एमबीपीएसचा कॅमेरा दिवसाला ३२.४ जीबी लिहितो. सहांचे १९४ जीबी, पंधरा दिवसांचे २.९ टीबी. ४ टीबीच्या डिस्कवर दहा टक्के जागा मोकळी ठेवली तरी अठरा दिवस मावतात. ही डिस्क वर्षाला ७१ टीबी लिखाण झेलणार. वेस्टर्न डिजिटलची पर्पल किंवा सीगेटची स्कायहॉक वर्षाला १८० टीबीच्या कामासाठी बनवलेली असते, त्यामुळे निर्धास्त. जुन्या डेस्कटॉपमधली ५०० जीबीची साधी डिस्क यासाठी वापरू नका, ती अडीच दिवसांत भरेल आणि वर्ष-दीड वर्षात कुरकुरायला लागेल. ऑपरेटिंग सिस्टीम वेगळ्या छोट्या एसएसडीवर ठेवा, चित्रणाची डिस्क फक्त चित्रणाला. एक बिघडली तर दुसरी शाबूत राहते. रॅम ८ जीबी पुरते.

ऑफिसातून निघालेली यंत्रं सध्या मुबलक आहेत, याला कारण आहे. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीच्या खाली चढत नाही. त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीचे चांगले डेस्कटॉप कंपन्यांनी ढिगाने बाहेर काढले. लिनक्स चालवणार असाल तर त्यातलाही चालेल आणि आणखी स्वस्तात पडेल. ब्लू आयरिससारखं फक्त विंडोजवर चालणारं सॉफ्टवेअर हवं असेल तर आठवी पिढी धरा. तुमच्या कामाला, म्हणजे माणूस ओळखून सूचना पाठवायला, मी फ्रिगेट हे सॉफ्टवेअर सुचवेन. ते मोफत आहे, लिनक्सवर डॉकरमध्ये (प्रोग्राम वेगळ्या कप्प्यात चालवणारं साधन) चालतं आणि चित्रण घराबाहेर कुठेच पाठवत नाही. बसवायला मात्र एक रविवार जाईल, हे आधीच सांगून ठेवतो. तेवढा वेळ किंवा आवड नसेल तर सरळ आठ चॅनलचा तयार एनव्हीआर, म्हणजे आयपी कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर, घ्या, त्यात कमीपणा काही नाही. माणूस आणि मांजर यातला फरक हल्लीचे बरेच कॅमेरे स्वतःही ओळखतात.

सुसंगत आहे की नाही, हा प्रश्न संगणकाइतकाच कॅमेऱ्याचाही आहे. कॅमेरा ऑन्व्हिफ आणि आरटीएसपी, म्हणजे बाहेरच्या सॉफ्टवेअरशी बोलायच्या सामाईक पद्धती, देतो का बघा. काही स्वस्त वायफाय कॅमेरे फक्त आपल्याच ॲपशी बोलतात, त्यांच्यासाठी कुठलाही संगणक घेतला तरी उपयोग नाही. तुमचे आयपी आहेत म्हणून प्रश्न नाही, पण ज्यांच्याकडे गोल बीएनसी पिनचे जुने कॅमेरे आहेत त्यांनी ते थेट संगणकाला जोडता येत नाहीत हे लक्षात घ्यावं. त्यांनी डीव्हीआर, म्हणजे त्या कॅमेऱ्यांचा जुना रेकॉर्डर, तसाच ठेवावा आणि त्याच्याकडून आरटीएसपीने चित्रण उचलावं.

आता जी गोष्ट कुठल्याही दुकानात सांगत नाहीत, आणि जिच्यामुळे मी जुन्या ऑफिसच्या यंत्राची निवड इतक्या काळजीने करतो, ती सांगतो. राजापूरच्या बाजूला एका आंबा बागायतदाराच्या घरी मी असंच यंत्र बसवून दिलं होतं. सगळं छान चालू होतं, म्हणून मी जाताना कीबोर्ड आणि मॉनिटर काढून नेले. काही आठवड्यांनी रात्री वीज गेली, पहाटे आली. यंत्राचा हिरवा दिवा लागलेला, पंखा फिरतोय, घरच्यांना वाटलं चालू आहे. अकरा दिवसांनी बागेतून आंब्याचे क्रेट चोरीला गेले तेव्हा चित्रण बघायला घेतलं, तर अकरा दिवसांचं काहीच नव्हतं. मी मॉनिटर घेऊन गेलो. काळ्या पडद्यावर एकच ओळ होती: कीबोर्ड सापडला नाही, पुढे जाण्यासाठी एफ१ दाबा. ते यंत्र अकरा दिवस कुणीतरी एफ१ दाबायची वाट बघत उभं होतं. चूक माझी होती, त्या माणसाचं नुकसान झालं आणि त्याच्या अंगणात उभं राहून मला मान वर करता येत नव्हती.

तेव्हापासून मी घरी नेण्याआधीच प्रत्येक यंत्राच्या बायोसमध्ये, म्हणजे चालू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये, जातो. वीज परत आल्यावर आपोआप चालू व्हायचं सेटिंग शोधतो. डेलमध्ये त्याला 'एसी रिकव्हरी' म्हणतात, एचपी आणि लेनोव्होत 'आफ्टर पॉवर लॉस'. तिथे 'पॉवर ऑन' करायचं, 'लास्ट स्टेट' नाही. कीबोर्ड नसल्याची तक्रार बंद करायची. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल नवा घालायचा, कारण जुन्या यंत्रातला तो संपत आलेला असतो. तो संपला की वीज जाताच ही सगळी सेटिंग पुसली जातात आणि घड्याळ मागे जातं. आणि विकत घेतानाच बायोसला पासवर्ड नाही ना, हे बघायचं. ऑफिसच्या यंत्रांना तो बऱ्याचदा लावलेला असतो, आणि विकणाऱ्यालाही माहीत नसतो. पासवर्ड असलेलं यंत्र या कामाला घेऊच नका. आणखी एक उणीव कबूल करायला हवी: या ब्रँडेड पेट्यांचा पॉवर सप्लाय बाजारातल्या साध्या एसएमपीएससारखा नसतो. तो गेला तर त्याच मॉडेलचा शोधावा लागतो. त्याच विक्रेत्याकडून एक जादा घेऊन ठेवा.

घड्याळाचं थोडं अधिक. वीज गेली की काही कॅमेरे थेट १९७० किंवा २००० सालात जातात. इंटरनेट नसेल तर तिथेच राहतात. म्हणून रेकॉर्डरलाच घरातला वेळ देणारा सर्व्हर करा आणि सगळ्या कॅमेऱ्यांत एनटीपीसाठी, म्हणजे घड्याळ जुळवण्यासाठी, त्याचाच पत्ता घाला. चोरीनंतर चित्रण पोलिसांकडे द्यायची वेळ आली तर चित्रावरची वेळ चुकलेली असणं फार महागात पडतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा चित्रणासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं, त्यात फाईलचं हॅश मूल्यही (फाईल बदलली की बदलणारा तिचा ठसा) लिहायचं असतं. मूळ फाईल डिस्कवर तशीच ठेवा, मोबाईलने पडद्याचा व्हिडिओ काढून देऊ नका.

इन्व्हर्टरवर संगणक, पीओई स्विच (लॅन केबलमधूनच कॅमेऱ्यांना वीज देणारा) आणि राउटर तिन्ही घ्या. संगणक चालू आणि स्विच बंद असं झालं तर कॅमेरेच मरतात. रात्री इन्फ्रारेड दिवे लागल्यावर एक कॅमेरा सहा-सात वॉट घेतो, म्हणजे सगळं मिळून ७५ वॉटच्या आसपास. १५० एएचची बॅटरी ठणठणीत असेल आणि पंखे-दिव्यांचा बोजा नसेल तर यावर दहा तास निघतात. इन्व्हर्टरला यूपीएस मोडचा खटका असेल तर तो त्यावरच ठेवा, नाहीतर वीज बदलण्याच्या क्षणी संगणक पुन्हा सुरू होतो.

आणि आपल्याकडची वीज फक्त जाते असं नाही, आभाळातूनही येते. मेअखेरच्या गडगडाटात फाटकापर्यंत गेलेली लांब तांब्याची लॅन केबल हा सगळ्यात कच्चा दुवा. एकदा स्विच, राउटर आणि संगणकाचं लॅन पोर्ट एकाच कडकडाटात गेलेलं मी बघितलं आहे. फाटकाच्या कॅमेऱ्याला शेवटपर्यंत फायबर न्या आणि दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर लावा. काचेच्या तारेतून वीज येत नाही. तिकडच्या टोकाला कॅमेऱ्यासाठी वीज वेगळी लागेल, ती अर्थिंग तपासूनच द्या.

ठाण्याहून बघण्यासाठी राउटरवर पोर्ट, म्हणजे बाहेरून थेट आत यायची वाट, उघडू नका. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने असेच उघडे पडलेले कॅमेरे आणि डीव्हीआर लाखांनी ताब्यात घेतले होते. त्यातले बहुतेक कारखान्यातल्या मूळ पासवर्डवरच चालू होते. शिवाय गावाकडच्या बऱ्याच जोडण्यांना स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मिळतच नाही, त्यामुळे पोर्ट उघडूनही काही होत नाही. टेलस्केल किंवा वायरगार्ड ही खासगी जोडणीची (व्हीपीएन) साधनं वापरा, रेकॉर्डरवर आणि तुमच्या मोबाईलवर.

यंत्र देवघराच्या किंवा स्वयंपाकघराच्या भिंतीला लावू नका, धूर आणि तेलकटपणा पंख्यात बसतो. जमिनीपासून चार फूट वर, चोराच्या सहज नजरेस न पडणारं कपाट, मागून हवा जायला जागा आणि झरोक्याला बारीक जाळी. जाळी विसरू नका, पावसाळ्यात ऊब शोधत पाली आणि मुंग्या आत शिरतात.

सगळं बसवून झाल्यावर लगेच ठाण्याला निघू नका. कीबोर्ड-मॉनिटर काढा, चालू यंत्राचा प्लग उपटा, दहा मिनिटं थांबा, परत लावा आणि कशालाही हात न लावता मोबाईलवर सहाही चित्रं येतात का बघा. मग हेच रात्री राउटरसकट, सगळ्या घराचा मेन स्विच पाडून करा. दोन्ही वेळा आपलं आपण उभं राहिलं, वेळ बरोबर दिसली आणि त्या क्षणानंतरचं रेकॉर्डिंग सापडलं, की मग बाबांना फक्त एवढं शिकवा: मोबाईलमध्ये आठवड्यातून एकदा कालची दुपार उघडून बघायची.